हवा दिसतच नाही, मग तिचं चित्र काढायचं कसं?

चार तत्त्वांची चार चित्रं काढून द्या अशी ऑर्डर आली तर त्यातली तीन तशी सोपी आहेत. आग हवीये? भट्टी काढा, ज्वाळा काढा, हातोडा घेऊन घामाघूम झालेला व्हल्कन देव उभा करा, झालं. पाणी म्हटलं की मासे, शंख, शिंपले आणि एखादी जलदेवता. जमीन म्हटलं की झाडं, फळं, प्राणी, काढाल तेवढं कमीच. आणि मग येते हवा. ती दिसत नाही, तिला आकार नाही, आणि चित्र हा तर सगळा दिसण्याचाच कारभार! बरेच चित्रकार इथं वारा काढून वेळ मारून नेतात, म्हणजे ढगांत गाल फुगवून फुंकर मारणारी तोंडं, एका बाजूला वाकलेली झाडं, फुगलेली शिडं वगैरे. पण वारा म्हणजे हवेची हालचाल झाली, हवा नाही झाली. शांत, नुसती पसरलेली हवा कशी काढणार?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो एका फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रामुळं. यान ब्रुगेल थोरला, अँटवर्पचा, त्यानं १६२१ साली काढलेलं 'हवा'. आत्ता ते पॅरिसला लूव्रमधे आहे. आकार साधारण ४५ बाय ६५ सेंटिमीटर, म्हणजे फार मोठं नाहीच, आणि कॅनव्हासवर नाही तर तांब्याच्या पत्र्यावर काढलंय. तांब्याचा फायदा असा की तिथं कापडाची वीण नसते, पृष्ठभाग एकदम गुळगुळीत, त्यामुळं अगदी बारीक ब्रशनं पिसाचा एकेक तंतू काढता येतो आणि रंग आतून उजळल्यासारखे दिसतात. ब्रुगेलला हे असलं बारीक काम फार आवडायचं. त्याला 'मखमली ब्रुगेल' म्हणायचे. (बाप म्हणजे तोच तो पीटर ब्रुगेल, शेतकऱ्यांची लग्नं आणि बर्फातले शिकारी काढणारा. पण यानचा जन्म १५६८चा आणि बाप १५६९ला गेला, त्यामुळं बापाच्या हाताखाली शिकायचा प्रश्नच नव्हता. आजी लघुचित्रं काढायची, मायकेन व्हेरहुल्स्ट तिचं नाव, तिनं त्याला सुरुवातीचं शिकवलं असं त्या काळातल्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. मला तर त्याच्या कामात बापापेक्षा आजीच जास्त दिसते.)

चित्रात काय आहे? मधे युरेनिया, ग्रीक पुराणातल्या नऊ म्यूझ बहिणींपैकी खगोलशास्त्राची. तिच्या हातात आर्मिलरी स्फिअर, म्हणजे एकात एक अडकवलेल्या कड्यांचा गोल, त्या काळी आकाशाचं मॉडेल म्हणून वापरायचे तो. वर आकाशात एकीकडं अपोलोचा रथ, दुसरीकडं डायानाचा, म्हणजे सूर्य आणि चंद्र. सगळीकडं पक्षी, इतके की मोजायला बसलं तर मधेच विसरायला होतं. आणि शिवाय पंखवाल्या गुटगुटीत पोरांचा घोळका, तो चक्क खगोलाच्या आणि प्रकाशाच्या उपकरणांशी खेळतोय, त्यात दुर्बीणपण आहे. म्हणूनच या चित्राचं फ्रेंच नाव नुसतं 'हवा' नाहीये, 'हवा किंवा प्रकाशशास्त्र' असं आहे.

हे दुसरं नाव मला आधी विचित्र वाटलं, हवेचा आणि भिंगांचा काय संबंध? पण जितकं बघत गेलो तितकं वाटायला लागलं की या माणसानं उत्तर शोधलंय. त्यानं हवा म्हणजे जिच्यातून आपण बघतो ती गोष्ट असं धरलं. हवा स्वतः दिसत नाही, पण जे जे लांबचं दिसतं ते तिच्यातूनच दिसतं.

आता हे किती वेगळं आहे ते कळायला त्या काळचा नेहमीचा फॉर्म्युला बघायला हवा. चेझारे रिपा नावाच्या इटालियन माणसाचा एक जाडजूड संदर्भग्रंथ होता, पहिली आवृत्ती १५९३ची, चित्रकार लोक तो गाइडसारखा वापरायचे, न्याय काढायचा तर असा, मत्सर काढायचा तर असा. त्यात हवेची रेसिपी दिलीये: ढगांवर बसलेली बाई, केस वाऱ्यावर उडतायत, हातात मोर, कारण मोर हा जुनो देवीचा आणि जुनो ही हवेची देवी, आजूबाजूला उडणारे पक्षी, आणि पायाशी सरडा, तो रंग बदलणारा शॅमेलिऑन. शॅमेलिऑन का, तर तो काही खात नाही पीत नाही, नुसत्या हवेवर जगतो अशी प्राचीन रोमपासून चालत आलेली समजूत! ब्रुगेलनं या रेसिपीतले पक्षी ठेवले आणि बाई पण ठेवली, पण जुनोच्या जागी युरेनियाला आणून बसवलं. म्हणजे हवेची मालकीण बदलली आणि ती खगोलशास्त्राकडं गेली.

इथं एक गंमत आहे, शास्त्राच्या दृष्टीनं बघायला गेलं तर हा घोटाळाच आहे. चार तत्त्वांचं गणित एम्पेडोक्लीस या ग्रीक तत्त्वज्ञापासूनचं, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातलं, नंतर अ‍ॅरिस्टॉटलनं ते पक्कं केलं: आग उष्ण आणि कोरडी, हवा उष्ण आणि ओलसर, पाणी थंड आणि ओलं, माती थंड आणि कोरडी. पण हे सगळं चंद्राच्या खाली. चंद्र आणि त्याच्या वरचं जे काही आहे ते या चारातलं नाहीच, ते पाचव्या तत्त्वाचं, ईथरचं, तिथं काही बदलत नाही, काही नासत नाही. (आपल्या पंचमहाभूतांत आकाश वेगळं मोजतात तसंच जवळपास, फक्त आपण पाचही एका दमात म्हणतो आणि युरोपातले चित्रकार चारवरच थांबायचे.) मग सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांची म्यूझ हवेच्या चित्रात कशी काय आली? नियमानं त्यांचा इथं काही संबंध नाही.

पण १६२१ सालापर्यंत ती चंद्राजवळची हद्द पार खिळखिळी झाली होती. १५७२ला आकाशात नवा तारा दिसला, १५७७ला मोठा धूमकेतू आला, टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञानं मोजमापं करून दाखवलं की हे दोन्ही चंद्राच्या पलीकडचे आहेत, म्हणजे वर काहीच बदलत नाही हे म्हणणं काही खरं नाही. १६१० साली गॅलिलिओनं छापून सांगितलं की चंद्रावर डोंगरदऱ्या आहेत, म्हणजे तो पण मातीसारखाच खडबडीत. ब्रुगेलनं हे सगळं मनात धरून चित्र काढलं असं मी म्हणत नाहीये, तो चित्रकार होता, तत्त्वज्ञ नव्हता. पण हवेच्या वाट्यात आकाश आणून ठेवणं तेव्हा सहज जमून जात होतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे निदान माझ्यासाठी तरी. ही चार चित्रांची मालिका एका झटक्यात झालेली नाहीये. गिऱ्हाईक होतं फेडेरिको बोरोमेओ, मिलानचा आर्चबिशप आणि कार्डिनल. ब्रुगेल तरुणपणी इटलीत होता, नेपल्स, रोम, मग १५९५ला मिलान, तिथं तो या कार्डिनलच्या पदरी राहिला आणि १५९६ला अँटवर्पला परतला. पुढं दोघांचं नातं पत्रांतून आयुष्यभर टिकलं, चित्रं आल्प्स ओलांडून जात राहिली, एर्कोले बियांकी म्हणून मिलानचा एक संग्राहक होता तो मधल्या मधे व्यवहार बघायचा. ब्रुगेलचं इटालियन यथातथाच, त्यामुळं कितीतरी पत्रं त्याच्यासाठी त्याचा दोस्त लिहून द्यायचा, आणि हा दोस्त म्हणजे पीटर पॉल रुबेन्स! ब्रुगेल त्याला गमतीनं आपला सेक्रेटरी म्हणायचा. रुबेन्ससारखा सेक्रेटरी कुणाच्या नशिबात असतो सांगा.

तर मालिकेतलं पहिलं चित्र 'आग', १६०८ सालचं. 'पाणी' १६१४चं. आणि 'हवा' १६२१चं. म्हणजे पहिल्यापासून इथपर्यंत तेरा वर्षं.

आणि १६०८ हे साल दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. त्या वर्षी शरद ऋतूत हान्स लिपरहाय नावाचा चष्मेवाला हेगला गेला आणि लांबच्या वस्तू जवळ दाखवणाऱ्या नळीचं पेटंट मागितलं. (मिळालं नाही, कारण तेवढ्यात आणखी एकदोघं म्हणाले की आम्हालाही येतं की हे.) नेमकं त्याच वेळी हेगला डच आणि स्पॅनिश बाजूची तहाची बोलणी चालू होती, स्पॅनिश बाजूचा सेनापती स्पिनोला तिथंच होता, आणि अशी वस्तू एखाद्या सेनापतीच्या कानावर गेली की पुढं काय होणार ते सांगायला नको. ब्रसेल्सचा राज्यकर्ता आर्चड्यूक आल्बर्टपर्यंत ती नळी लगोलग पोचली. आणि ब्रुगेल हा त्याच आल्बर्टचा आणि त्याची बायको इसाबेला हिचा दरबारी चित्रकार! त्यामुळं मॅरिमाँच्या किल्ल्याचं एक निसर्गचित्र आहे ब्रुगेलचं, १६०८ ते १६११च्या दरम्यानचं, आता अमेरिकेत व्हर्जिनियाच्या म्युझियममधे, त्यात आल्बर्टच्या डोळ्याला साधीशी नळी लावलेली दिसते. चित्रात दुर्बीण आलेली ही सगळ्यात जुनी ज्ञात नोंद मानली जाते.

म्हणजे बघा, 'आग' काढली तेव्हा दुर्बीण जेमतेम जन्माला येत होती. 'हवा' काढायची वेळ येईपर्यंत ती खेळण्यासारखी पोरांच्या हातात द्यायला तयार. ब्रुगेलनं क्रम उलटा घेतला असता आणि 'हवा' आधी काढली असती तर त्यात नुसते पक्षी आणि ढग असते, फार तर रिपाचा मोर. तेरा वर्षांत आगीचं, पाण्याचं, मातीचं काही फारसं बदललं नाही, पण हवेतून किती लांबचं दिसतं हे पूर्ण बदललं.

दुर्बिणीवरून आठवलं, खगोलशास्त्राच्या दोन इटालियन अभ्यासकांनी, सेल्वेली आणि मोलारो, ब्रुगेलच्या चित्रांतल्या दुर्बिणींवर अभ्यास केलाय. तीन चित्रं: मॅरिमाँवालं, मग १६१७चं 'दृष्टी' (पाच इंद्रियांच्या मालिकेतलं, माद्रिदच्या प्राडोमधे आहे, त्यात माणसं रुबेन्सची), आणि हे १६२१चं 'हवा'. पहिल्या चित्रातली नळी साधी, डच पद्धतीची, म्हणजे पुढं फुगीर भिंग आणि डोळ्याशी खोलगट भिंग, प्रतिमा सुलट दिसते पण दिसतं ते फारच थोडं, जणू किल्लीच्या भोकातून बघतोय. पण १६१७ आणि १६२१च्या दुर्बिणी भारी दिसतात, एकातून एक सरकणाऱ्या कितीतरी नळ्या असलेल्या. या दोन अभ्यासकांचा अंदाज असा की या केप्लर (जर्मन खगोलशास्त्रज्ञ) पद्धतीच्या असाव्यात, दोन्हीकडं फुगीर भिंगं, प्रतिमा उलटी पण दृश्य मोठं. केप्लरनं ही कल्पना १६११ला कागदावर मांडली होती, पण तशा दुर्बिणी खरोखर वापरात आल्याचे पुरावे बरेच नंतरचे मिळतात. त्यामुळं अंदाज खरा असेल तर एक चित्रकार नकळत विज्ञानाच्या इतिहासाला साक्षीदार झालाय. मला हा अंदाज पटण्यासारखा वाटतो, त्याचं कारण सोपं आहे, ब्रुगेल मनानं वस्तू रचणारा माणूस नव्हता. फुलं काढायची तर ती फुलायची वाट बघत बसायचा, ब्रसेल्सला खेटे घालून दुर्मिळ फुलं प्रत्यक्ष बघून काढायचा. जो माणूस एका फुलासाठी एवढं करतो तो दुर्बिणीच्या नळ्या उगाच वाढवून काढेल असं मला वाटत नाही.

पक्ष्यांचंही तेच. आर्चड्यूक दांपत्याच्या ब्रसेल्सच्या राजवाड्यात पाळलेले पशुपक्षी होते, ब्रुगेलला तिथं मोकळीक होती आणि तो समोर बसून स्केच करायचा. अँटवर्प म्हणजे बंदर, लांबलांबच्या देशांतले पोपट, मकाव असलं काय काय तिथं यायचं. आणि एक पक्षी तर हवेच्या विषयाला असा चपखल की काय सांगू, स्वर्गपक्षी, बर्ड ऑफ पॅराडाइज. न्यू गिनीकडून त्याची वाळवलेली कातडी यायची, व्यापारासाठी पाय कापून टाकलेले असायचे, आणि युरोपातल्या लोकांची समजूत झाली की या पक्ष्याला पायच नसतात, तो कधी जमिनीवर उतरतच नाही, जन्मभर हवेतच असतो आणि दवावर जगतो. पुढं १७५८ला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं त्यातल्या एका जातीचं नावच 'बिनपायाचा' असं ठेवलं. ब्रुगेलनं हा पक्षी दुसऱ्या चित्रांत काढलाय, नोआच्या नावेत प्राणी चढतायत ते १६१३चं चित्र आहे ना, त्यात बघायला मिळेल.

पण पक्षी आणि दुर्बिणी बाजूला ठेवल्या तरी चित्रात हवा आहेच, आणि ती म्हणजे लांबचा निळा. फ्लेमिश निसर्गचित्रांची जुनी युक्ती: जवळ तपकिरी, मधे हिरवं, दूर निळं. खऱ्या डोंगरांनाही लांबून निळी झाक येते ती मधल्या हवेमुळंच, हवेचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. म्हणजे निळं क्षितिज काढणं म्हणजे अक्षरशः हवेचा थर काढणं. लिओनार्डोनं हे वहीत लिहून ठेवलं होतं, अँटवर्पवाल्यांनी ते हाताच्या सवयीनं केलं. बाकी सगळी रूपकं आणि देवदेवता विसरा, मला विचाराल तर या चित्रातली खरी हवा तिथं आहे.

आता कार्डिनलबद्दल एक शंका येतेच. हा माणूस कडक, संत कार्लो बोरोमेओचा चुलतभाऊ, १६२४ला धार्मिक चित्रांवर पुस्तक लिहून त्यात नग्नतेबद्दल तक्रार करणारा, आणि याच्या संग्रहात ग्रीक म्यूझ, तीही अंगावर जेमतेम वस्त्र? मला वाटतं त्याचा हिशोब सरळ होता, देवघरातलं चित्र वेगळं आणि अभ्यासिकेतलं वेगळं. निसर्गातली विविधता बघणं म्हणजे निर्मात्याचं कौतुक करणं असं तो मानायचा, आणि हिवाळ्यात बाहेर सगळं गोठलेलं असताना चित्रातल्या फुलांनी मन रमवतो असं त्यानं स्वतः लिहिलंय. १६१८ला त्यानं आपला संग्रह मिलानच्या अँब्रोसियाना या ग्रंथालय-संग्रहालयाला देऊन टाकला, तिथंच ही तत्त्वं पुढं एकत्र राहिली, जवळजवळ पावणेदोनशे वर्षं.

मग १७९६ला नेपोलियनचं सैन्य मिलानमधे आलं आणि चारही चित्रं पॅरिसला गेली, बरोबर लिओनार्डोच्या वह्या आणि राफाएलचं मोठं रेखाचित्रही गेलं. वॉटर्लूला नेपोलियन हरल्यावर १८१५ला परतफेड सुरू झाली, पण अर्धवटच. आग आणि पाणी मिलानला परत आले, जमीन आणि हवा लूव्रमधेच राहिली. भावकीत वाटणी व्हावी तशी तत्त्वांची वाटणी झाली आणि ती आजतागायत तशीच आहे. मिलानला जाऊन हवा बघायची म्हणाल तर नाही मिळणार.

माझी या चित्राबद्दल एक तक्रार आहे आणि ती सांगूनच टाकतो, ते फार भरलेलं आहे. हवेचं चित्र आणि कुठं श्वास घ्यायला जागा नाही! पण हा त्या काळच्या डोक्याचाच भाग असावा, निसर्गाला पोकळी चालत नाही असं अ‍ॅरिस्टॉटलपासून सगळे मानत होते, मग चित्रात तरी रिकामी जागा का सोडतील. हवेला वजन असतं, तिचा दाब असतो हे टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञानं पाऱ्याच्या नळीतून दाखवलं ते १६४० च्या दशकात, आणि मग व्हॅक्यूम पंप आला. त्यानंतर चित्रकाराला हवा दाखवायची नवी सोय झाली, ती काढून घेऊन दाखवायची. इंग्लंडच्या जोसेफ राइटचं १७६८चं चित्र आहे लंडनच्या नॅशनल गॅलरीत, काचेच्या गोळ्यात पांढरा काकाकुवा आणि पंपानं आतली हवा खेचली जातीये, आजूबाजूला लोक बघतायत. पुन्हा पक्षीच, पण हा उडत नाहीये, गुदमरतोय. ब्रुगेलची हवा भरून दिसते, राइटची संपताना दिसते. राइटचं चित्र जास्त परिणामकारक आहे हे मान्य, पण रोज भिंतीवर बघायला मला ब्रुगेलच परवडेल.

ब्रुगेल १६२५च्या जानेवारीत अँटवर्पला कॉलऱ्यानं गेला, त्याच साथीत त्याची तीन मुलंही गेली. थोरला मुलगा, तोही यानच, तेव्हा इटलीत होता, तो परत आला, वर्कशॉप ताब्यात घेतलं आणि वडलांच्या खपणाऱ्या विषयांवर चित्रं काढत राहिला, त्यात ही चार तत्त्वंही. त्यामुळं 'ब्रुगेल हवा' असं सर्च केलं की बापाची, मुलाची, अशा कितीतरी हवा समोर येतात, आणि माणसं काढायला बऱ्याचदा हेन्ड्रिक व्हान बालेन असायचा त्यामुळं आणखी गोंधळ. १६२१ आणि लूव्र एवढं जुळतंय का बघा. मग दुसऱ्या टॅबमधे प्राडोच्या साइटवरची 'दृष्टी' उघडा आणि दोन्हीकडं झूम करून दुर्बिणीच्या सरकत्या नळ्या मोजा, आणि केप्लरवाला अंदाज तुम्हाला पटतोय का ते कमेंटमधे सांगा.